कवळी कशात भिजवायची? विमानाच्या काचेपासून आजीच्या वाटीपर्यंत

आजचा भाग दातांबद्दल आहे. म्हणजे खरं तर पडलेल्या दातांबद्दल, आणि त्यांच्या जागी जी गुलाबी-पांढरी वस्तू येते तिच्याबद्दल. कवळी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं वय पंचविशीच्या आतबाहेर आहे, त्यामुळे "आपला काय संबंध?" असं वाटेल. पण घरात कुणाची तरी आजी आहे, मोरीजवळच्या फळीवर एक वाटी आहे, आणि त्या वाटीत काय ओतायचं हे शेवटी नातवंडांनाच विचारलं जातं. कारण फोन तुमच्या हातात असतो.

तर प्रश्न असा: कवळी निर्जंतुक करायला आपण जे काही वापरतो, त्यानं ती कमजोर होते का? पटकन मोडते का? उत्तर शोधायला बसलो आणि त्यात दोन महायुद्धं, एक खून आणि एड्सची भीती एवढं सगळं निघालं. म्हणून हा भाग इतिहासाच्या मालिकेत.

नवीन मंडळींसाठी सांगतो, मी आष्टीहून बोलतोय. बीडची आष्टी नव्हे, वर्धा जिल्ह्यातली. संत्र्यांच्या पट्ट्यातली, तळेगाव श्यामजीपंतवरून आत वळलं की लागते ती. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस, पोलीस ठाण्यावर गेलेला जमाव आणि गोळीबार, ही आमच्या गावाची ओळख. त्यावर आपण स्वतंत्र भाग करू. आज १९४२ हे साल फक्त लक्षात ठेवा, मध्ये एकदा लागणार आहे.

आधी जुनी गोष्ट. माणसाचे दात पडायला लागले तेव्हापासून माणूस त्यांच्या जागी काही ना काही बसवायच्या मागे आहे. जपानमध्ये सोळाव्या शतकातल्या लाकडी कवळ्या सापडल्यात, अखंड लाकडात कोरलेल्या. जॉर्ज वॉशिंग्टनची कवळी लाकडाची होती असं शाळेत कुणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. त्यात पाणघोड्याचं हस्तिदंत होतं, माणसांचे दात होते, धातू होता. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर रणांगणावर मेलेल्या सैनिकांचे दात उपटून ते कवळ्यांत बसवले गेले, इतके की इंग्लंडमध्ये अशा दातांना "वॉटर्लूचे दात" हेच नाव पडलं. जेवताना ऐकत असाल तर माफ करा.

हस्तिदंताची अडचण अशी की तो तोंडात सडतो. वास येतो. आणि महाग, त्यामुळे दात असणं आणि नसणं यातसुद्धा श्रीमंत-गरीब भेद. हे चित्र बदललं रबरानं. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरनं रबरात गंधक घालून तापवण्याची युक्ती १८३९ साली शोधली, आणि पुढच्या काही वर्षांत गुडइयर घराण्यातूनच कडक रबर आलं, व्हल्कनाइट. साच्यात दाबा, तापवा, हवा तो आकार घ्या. दातांच्या डॉक्टरांना तर लॉटरीच लागली. पहिल्यांदाच हिरडीच्या मापाची, घट्ट बसणारी, साध्या माणसाला परवडणारी कवळी करता यायला लागली.

पण १८६४ साली व्हल्कनाइटच्या कवळीवर पेटंट निघालं, आणि ते हातात असलेल्या गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीनं अमेरिकेतल्या प्रत्येक दंतवैद्याकडून परवान्याचे पैसे मागायला सुरुवात केली. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन हा गावोगाव फिरून, न देणाऱ्यांवर खटले भरायचा. १८७९ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलात सॅम्युएल चॅल्फंट नावाच्या दंतवैद्यानं त्याला गोळी घातली. बेकन मेला, चॅल्फंट तुरुंगात गेला, आणि दोन वर्षांनी पेटंटच संपलं. कवळीच्या पायाच्या मालासाठी माणूस मारला गेला, हे मला अजूनही विचित्र वाटतं. पण त्यावरून कळतं की ही वस्तू किती लोकांच्या पोटाशी बांधलेली होती.

"पाया" हा शब्द आता पुढे सारखा येईल, म्हणून सांगून टाकतो. कवळीत दोन गोष्टी असतात. वरचे पांढरे दात, आणि ते ज्यात रोवलेले असतात तो गुलाबी भाग, जो हिरडीवर आणि टाळूवर बसतो. तो गुलाबी भाग म्हणजे पाया. मोडतो तो बहुतेक वेळा हाच.

व्हल्कनाइट मजबूत होतं, पण दिसायला वाईट. मातकट लाल, तपकिरी, काळपट. माणूस हसला की आत अंधार दिसायचा. हिरडीसारखा गुलाबी रंग त्यात नीट येतच नव्हता. मधल्या काळात सेल्युलॉइड वापरून पाहिलं, म्हणजे सिनेमाच्या जुन्या फिल्मचं प्लास्टिक. ते वाकायचं, रंग बदलायचं, आणि त्याला कापराची चव यायची. म्हणजे पुन्हा रबरच.

मग जर्मनी. ओटो रोम नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९०१ साली आपला प्रबंध ॲक्रिलिक रसायनांवर लिहिला होता. तीन दशकं तो त्याच वाटेवर राहिला आणि १९३३ मध्ये त्याच्या कंपनीनं काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक बाजारात आणलं, प्लेक्सिग्लास. इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीनं तेच प्लास्टिक पर्स्पेक्स या नावानं काढलं. रासायनिक नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. आपण ॲक्रिलिक म्हणू.

ॲक्रिलिकची शीट गरम करून वाकवता येते, पण कवळीसाठी तेवढं पुरत नाही. तिथं बारीकसारीक आकार हवा असतो. १९३६ च्या सुमाराला जर्मनीतच त्यावर फार सोपी युक्ती निघाली. तयार ॲक्रिलिकची भुकटी घ्यायची, त्यात ॲक्रिलिकचंच कच्चं द्रव घालायचं आणि मळायचं. होय, कणकेसारखं. अगोदर ओल्या वाळूसारखं लागतं, मग चिकट तारा सुटतात, मग हाताला न चिकटणारा गोळा होतो. तो गोळा प्लास्टरच्या साच्यात दाबायचा आणि पाण्यात तासन्‌तास तापवायचा. थंड झाल्यावर साचा फोडला की गुलाबी कवळी. आज सावंगीच्या दंत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जा किंवा अमरावतीच्या गल्लीतल्या छोट्या लॅबमध्ये, पद्धत जवळपास हीच आहे. त्या द्रवाचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

१९३६ म्हणजे आमच्या जिल्ह्यात काय चाललं होतं? गांधीजी त्याच वर्षी शेगावात राहायला आले, ज्याचं पुढे सेवाग्राम झालं. त्यांचं ते बोळकं हसू तुम्ही फोटोत पाहिलंय. त्यांनाही कवळी होती, ती ते जेवायच्या वेळी लावायचे. इथून पुढची त्यांची सेवाग्रामची वर्षं आणि जगभरातल्या कवळ्या रबरातून ॲक्रिलिकमध्ये गेल्या ती वर्षं, दोन्ही एकाच काळातली.

आणि आता १९४२. त्या वर्षी जपाननं मलाया आणि सिंगापूर घेतलं आणि दोस्त राष्ट्रांचं रबर आटलं. ॲक्रिलिक मात्र कारखान्यात हवं तेवढं बनत होतं, कारण स्पिटफायरसारख्या लढाऊ विमानांच्या वैमानिकावरचं पारदर्शक झाकण त्याचंच असायचं. दशक अर्धं सरेपर्यंत पाश्चात्त्य देशांतल्या बहुतेक नव्या कवळ्या ॲक्रिलिकच्या झाल्या होत्या. आपल्याकडे पुढे मुंबईतल्या डेंटल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियानं, म्हणजे डीपीआयनं, हे साहित्य इथंच बनवायला घेतलं. आज महाराष्ट्रात दातांच्या लॅबमध्ये "डीपीआय" म्हटलं की भुकटी-द्रवाचा डबा डोळ्यासमोर येतो.

जाता जाता एक गंमत. विमानाचं झाकण फुटून वैमानिकाच्या डोळ्यात ॲक्रिलिकचे तुकडे घुसले, तरी डोळा त्यांना फारसा चिडत नाही, हे हॅरल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरच्या लक्षात आलं. त्यावरून त्यानं १९४९ साली लंडनमध्ये मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. खेड्यापाड्यांतल्या मोतीबिंदूच्या शिबिरांत वर्षानुवर्षं जी कडक भिंगं बसवली गेली, ती याच प्लास्टिकची. म्हणजे आजीच्या डोळ्यात आणि आजीच्या तोंडात एकच माल. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग डोया काहून नाई मोडत बापा?" प्रश्न बरोबर आहे. डोळ्यातल्या भिंगाला कुणी भाकरी चावायला लावत नाही.

आता महत्त्वाचं. ॲक्रिलिक कवळीसाठी निवडलं गेलं ते ताकदीसाठी नव्हे. रंगासाठी. पहिल्यांदाच हिरडीसारखी हिरडी दिसली. जुन्या व्हल्कनाइटपुढे ते आपटल्यावर ठिसूळच आहे. बेसिनमध्ये हातातून निसटली की दोन तुकडे. आणि न पडताही मोडते. दात गेले की खालचं हाड वर्षागणिक झिजतं, कवळी सैल होते, टाळूच्या मधल्या रेषेवर डुगडुगते. प्रत्येक घासाला किंचित वाकते, परत सरळ होते. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसंच. म्हणून वरची कवळी बरेचदा बरोबर मधोमध चिरते.

इथपर्यंत प्लास्टिकची बाजू झाली. आता जंतुनाशकांकडे या, तो इतिहास वेगळ्याच वाटेनं आलाय.

ब्लीचच्या पाण्याची कथा अठराव्या शतकाच्या शेवटाला फ्रान्समध्ये कपडे पांढरे करण्यापासून सुरू होते. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइसनं डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं कमी झाले. १८६७ मध्ये लिस्टरनं कार्बोलिक ॲसिड, म्हणजे फिनॉल, जखमांवर वापरल्याचं जगाला सांगितलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या लष्करी रुग्णालयांत डेकिन आणि कॅरेल यांनी अर्धा टक्का सोडियम हायपोक्लोराइटनं सडलेल्या जखमा धुतल्या. १९५० च्या दशकात क्लोरहेक्सिडिन आलं, तेही पर्स्पेक्सवाल्या आयसीआयकडूनच. १९६० च्या दशकात ग्लुटाराल्डिहाइड. ही सगळी औषधं माणसाच्या कातडीसाठी, जखमेसाठी, स्टीलच्या अवजारांसाठी तपासली गेली. कवळीचा विचार त्यात कुठेच नव्हता.

दोन वाटा एकत्र आल्या त्या एड्समुळे. १९८१ मध्ये अमेरिकेत या आजाराची पहिली नोंद, १९८६ मध्ये भारतात पहिले रुग्ण सापडले. १९८७ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं सांगितलं की प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्गाचं आहे असं धरूनच काम करा. दंतवैद्यांना खरी धास्ती त्याआधीपासून कावीळ बी ची होती. आणि लॅबमध्ये काय व्हायचं? तोंडातून काढलेली कवळी दुरुस्तीला यायची, पॉलिशच्या चाकावर लागायची, तिथला ओला प्युमिस सगळ्या कवळ्यांना तोच. म्हणजे एका गावच्या आजोबांचे जंतू दुसऱ्या गावच्या आजीच्या तोंडात. नियम आला: लॅबमध्ये येताना आणि जाताना कवळी निर्जंतुक करा. कशात? हातात जे होतं त्यात.

तेव्हा कुठे हा प्रश्न गांभीर्यानं विचारला गेला, की अरे, हे सगळं ॲक्रिलिकला चालतं का? कवळीत ॲक्रिलिक आल्याला तोवर पन्नास वर्षं होऊन गेली होती.

तपासायची पद्धत सोपी आहे, आणि मला ती फार आवडते. ॲक्रिलिकची एक पट्टी करायची. ६४ मिलिमीटर लांब, १० रुंद, ३.३ जाड. म्हणजे साधारण करंगळीएवढी. ती पाण्यात ठेवून शरीराच्या तापमानाला आणायची. मग ५० मिलिमीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर आडवी ठेवायची आणि मधोमध वरून दाबत जायचं, मोडेपर्यंत. आंतरराष्ट्रीय मानक म्हणतं, तापवून पक्क्या केलेल्या ॲक्रिलिकनं किमान ६५ मेगापास्कल ताण सोसला पाहिजे. मी गणित करून पाहिलं. त्या पट्टीवर मधोमध साधारण साडेनऊ किलोचा भार आला तर तोवर ती टिकली पाहिजे. करंगळीएवढ्या प्लास्टिकवर भरलेली पाण्याची कळशी. वाईट नाही.

आता अशा पट्ट्या करायच्या, काही साध्या पाण्यात ठेवायच्या, काही जंतुनाशकात, कमीजास्त वेळ, आणि मग मोडायच्या. जगभरात असे ढीगभर प्रयोग झालेत. ब्राझीलमध्ये फार झाले, आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांतही पदव्युत्तर प्रबंधांचा हा आवडता विषय आहे. आकडे एकमेकांशी जुळतात का? नाही. कुणाला ताकद घटलेली दिसते, कुणाला नाही. कंपनी वेगळी, तीव्रता वेगळी, वेळ वेगळी, मग आकडाही वेगळा. पण सगळं मिळून चित्र दिसतं, आणि ते समजायला ॲक्रिलिकच्या आत डोकवावं लागेल.

ॲक्रिलिक म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता. उकडलेल्या शेवयांचा घट्ट गोळा समजा. चांगल्या कवळीच्या मालात या साखळ्यांना मध्ये मध्ये गाठी मारलेल्या असतात, त्यानं गुंता सहजी सुटत नाही. बाहेरचं द्रव आत शिरलं की साखळ्या एकमेकींवरून सरकायला लागतात, माल मऊ पडतो. साधं पाणीसुद्धा थोडं शिरतंच. म्हणून प्रयोगात जंतुनाशकाची तुलना कोरड्या पट्टीशी न करता पाण्यातल्या पट्टीशी करतात. पण पाण्याचा शिरकाव एका मर्यादेला थांबतो, आणि कवळीला ते पाणी हवंही असतं. सुकू दिली तर ती किंचित आकसते, बसत नाही. रात्री पाण्यात ठेवायची ती त्यासाठी.

अल्कोहोलचं तसं नाही. ते साखळ्यांना पाण्यापेक्षा जास्त जवळचं. पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उठतं. हे तुम्ही स्वतः पाहिलंय. २०२० मध्ये दुकानांच्या, बँकांच्या काउंटरवर पारदर्शक शीट लावलेल्या आठवतात? त्यातल्या ॲक्रिलिकच्या होत्या, त्यांच्यावर दिवसातून दहा वेळा सॅनिटायझर मारून त्या पांढुरक्या झाल्या, स्क्रूच्या भोकापाशी तडकल्या. जिथं आधीच ताण आहे तिथं भेग आधी. कवळीत असा ताण कुठं असतो? मधल्या रेषेत आणि जुन्या दुरुस्तीच्या जोडावर.

फिनॉलचंही तेच, किंबहुना वाईट. फिनॉल ॲक्रिलिकला मऊच करतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी ग्लुटाराल्डिहाइडची द्रावणं तपासली गेली तेव्हा नुसत्या ग्लुटाराल्डिहाइडनं फारसं काही झालं नाही, पण ज्या द्रावणात फिनॉल होतं त्यानं काही वेळातच पृष्ठभाग बिघडवला. आता आपल्या घरात बघा. काळं फिनाइल, आंघोळीच्या पाण्यात टाकायचं पिवळं-तपकिरी जंतुनाशक, ही मंडळी फिनॉलच्याच कुळातली, आणि त्या दुसऱ्यात अल्कोहोलही असतं. जखमेला चांगलं, म्हणून कवळीला चांगलं, हा सरळ हिशोब इथं चुकतो.

ब्लीचचं थोडं वेगळं आहे. पातळ हायपोक्लोराइट, दहा मिनिटं, मग भरपूर पाण्यानं धुणं, एवढ्यानं ताकदीला धक्का लागल्याचं सहसा दिसत नाही, आणि जंतू मात्र मरतात. पण रात्रभर ठेवलं, रोज ठेवलं, तर गुलाबी रंग उडतो, आणि कवळीला धातूची तार असेल तर ती काळी पडते, गंजते. २०११ साली अमेरिकेतल्या कृत्रिम दंततज्ज्ञांच्या संघटनेनं स्पष्टच लिहिलं: हायपोक्लोराइटमध्ये दहा मिनिटांच्या वर ठेवू नका, आणि उकळत्या पाण्यात कधीच घालू नका, कवळी वाकडी होते. क्लोरहेक्सिडिननं ताकद फारशी जात नाही, तपकिरी डाग मात्र पडतात. बाजारात फसफसणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणे वापरल्या तर ठीक. गरम पाण्यात टाकू नका, कवळी पांढरट पडते.

मग वाटेल, थोडा वेळ चालतं ना, मग एवढा मोठा भाग कशाला?

इथं माझं मत सांगतो. प्रयोगशाळेतली पट्टी नवी असते. गुळगुळीत, एकसारख्या जाडीची, कालच बनलेली. आमच्या आष्टीत कवळी नऊ वर्षांची असते. एकदा पडलेली, एकदा कुठल्या तरी लॅबमध्ये जोडलेली, आणि तो जोड थंडच आवळणाऱ्या ॲक्रिलिकचा. असं ॲक्रिलिक मुळात कमी ताकदीचं, आंतरराष्ट्रीय मानकही त्याच्याकडून ६५ ऐवजी ६० मागतं, आणि त्यात न जुळलेलं कच्चं द्रव जास्त उरतं, म्हणजे बाहेरच्या द्रवाला शिरायला वाट जास्त. शहरात रस्त्याच्या कडेला पेटी घेऊन बसणारे दंतवालेही हेच वापरतात. दंतवैद्यकाचा कायदा १९४८ साली आला, पेट्या अजून आहेत. त्यात विदर्भ म्हणजे खर्रा. सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेला, तो कवळीलासुद्धा सोडत नाही. काळे डाग बसतात, मग घासायला राख, मीठ, विटकरीची पूड. त्या ओरखड्यांत बुरशी घर करते, आणि तीच प्रत्येक ओरखड्यातून भेग सुरू व्हायची जागा. अशा कवळीवर काय परिणाम होतो हे नव्या पट्टीवरून जसंच्या तसं सांगता येत नाही. जे नव्याला झेपतं ते जुन्याला झेपेलच असं मी तरी धरणार नाही.

माझ्या आजीची वरची कवळी तीन वर्षांपूर्वी मोडली. जेवताना, मधोमध. कोरोनात तिला कुणीतरी सांगितलं होतं की तोंडात जाणारी वस्तू औषधात ठेवावी, तेव्हापासून ती रोज रात्री वाटीत ते पिवळं औषध टाकायची. औषधानंच मोडली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. सैल होती, जोडलेली होती, दोन वर्षांपासून डुगडुगत होती. पण तुटलेल्या कडेजवळ तो पांढुरका, जाळीदार पट्टा मला दिसला, तसाच काउंटरवरच्या शीटवर दिसायचा.

त्यानंतरचे पाच आठवडे मात्र सांगण्यासारखे आहेत. आष्टीहून दवाखान्यात माप द्यायला एकदा, चावा बघायला एकदा, मेणाची कवळी लावून बघायला एकदा, घ्यायला एकदा. प्रत्येक वेळी एसटी आणि वडिलांचा बुडलेला दिवस. त्या पाच आठवड्यांत आजी वरणात भिजवलेली पोळी, दूध-भात आणि केळं यावर होती. ज्वारीची भाकरी बंद, तूरदाण्याची उसळ बंद, शेंगदाणे बंद. गळ्यातली साखळी सैल दिसायला लागली. लग्नाला गेली नाही, तोंडाला पदर लावून बसायची. "दात नाई त माणूस म्हतारं होते रे," म्हणाली. वय तेव्हा एक्याऐंशी.

म्हणून मला वाटतं की कवळीची ताकद हा नुसता मेगापास्कलचा आकडा नाही. गरीब घरात दुसरी कवळी लगेच येत नाही. केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, त्यात दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांच्यासोबत कवळीही मोफत मिळू शकते. तुमच्या घरात, शेजारी कुणी बसत असेल तर चौकशी करा.

उलट टोकालाही जाऊ नका. औषध नको म्हणून काहीच नको, असं नाही. घाणेरड्या कवळीखाली कॅन्डिडा ही बुरशी वाढते, टाळू लालभडक होतो. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या ५२४ लोकांची पाहणी झाली, २०१५ साली प्रसिद्ध झाली. जे रात्री कवळी घालूनच झोपत होते त्यांच्यात न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त निघाला. म्हणजे कवळी रात्री काढायची, हे तर नक्कीच.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी नवी कवळी देताना आजीला जे सांगितलं ते मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय, त्याचा सारांश देतो. जेवण झालं की धुवायची. रोज मऊ ब्रशनं आणि साध्या साबणानं घासायची, दातांची पेस्ट नको, ती खरखरीत असते. धुताना खाली पाण्यानं भरलेलं घमेलं किंवा घडी केलेला टॉवेल, म्हणजे निसटली तरी फुटणार नाही. रात्री साध्या गार पाण्यात. निर्जंतुक करायचीच असेल तर त्यांनी लिहून दिलेलं द्रावण, घड्याळ लावून, मग स्वच्छ धुऊन. नखांचं पॉलिश काढायचं द्रव तर जवळही आणायचं नाही, त्यातलं ॲसिटोन ॲक्रिलिक विरघळवतं. हे शेवटचं माझ्या बहिणीकडे बघून सांगितलं होतं.

आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्या पिवळ्या बाटलीचं काय करू? अर्धी उरली हाये." डॉक्टरबाई म्हणाल्या, आंघोळीला वापरा.

आता हा विषय पुन्हा पहिल्यापासून सुरू होतोय. साधारण २०१५ पासून थ्री-डी प्रिंटरवर कवळ्या छापल्या जातात. साचा नाही, मळणं नाही, संगणकातून थेट, थरावर थर. त्यातलं रेझिन ॲक्रिलिकच्याच नात्यातलं, पण तेच नव्हे, आणि थरांमधल्या सांध्यांमुळे आणखी एक नवी गोष्ट त्यात आलीय. म्हणून जगभरच्या लॅबमध्ये पुन्हा त्याच ६४ मिलिमीटरच्या पट्ट्या बनतायत, छापलेल्या, आणि पुन्हा त्याच हायपोक्लोराइटमध्ये, क्लोरहेक्सिडिनमध्ये बुडवून मोडल्या जातायत. निकाल यायला लागलेत, अजून एकमेकांशी जुळत नाहीत.

पुढचा भाग नागपंचमीच्या आष्टीवर. तोपर्यंत घरातल्या वाटीत काय आहे ते एकदा वास घेऊन बघा.